लाइनबॅकरचं आयुष्य: नववीतल्या एका खेळाडूच्या वडिलांना उत्तर

प्रश्न टेक्सासात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा आहे. मुलगा नववीत, उंचापुरा. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या कोचने यंदा त्याला लाइनबॅकर केलंय आणि तेव्हापासून घरात एनएफएल या व्यावसायिक लीगशिवाय दुसरा विषय नाही. आई धास्तावली आहे. ते विचारतात: या जागेवर खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य खरोखर कसं असतं? पैसा किती, शरीराचं काय होतं, आणि मेंदू जपायला म्हणून मानेत घालायचे ते पट्टे घ्यावेत का?

मी अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. आधी कॉलेजच्या आणि आता हायस्कूलच्या संघांबरोबर काम करते. व्यायाम करवून घेणं हे माझं काम नाही. सामन्यात मुलगा पडला की मैदानाच्या कडेवरून सगळ्यात आधी त्याच्याकडे धावते ती मी. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

बचाव करणाऱ्या अकरा जणांत पुढे तीन किंवा चार धिप्पाड लाइनमन असतात, मागे पास अडवणारे चपळ गडी, आणि या दोन फळ्यांच्या मधे लाइनबॅकर. मधल्याला माइक म्हणतात. ज्या बाजूला समोरचा टाइट एंड (लाइनच्या टोकाला राहून अडवणारा आणि पासही झेलणारा गडी) उभा असतो तिकडचा सॅम, दुसरीकडचा विल. तुमच्या मुलाला यातलं कोणतं काम दिलंय ते आधी विचारून घ्या, कारण रोजचा मार त्यावर ठरतो. चेंडू घेऊन पळणारा आला तर पुढे घुसून भिडायचं, पास असेल तर उलट मागे पळत आपला टापू धरायचा, आणि अधूनमधून थेट पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. पुढे जायचं की मागे, हे ठरवायला पुरता एक सेकंदही मिळत नाही.

टीव्हीवर फक्त धडक दिसते. निम्मं काम त्याआधीच झालेलं असतं. चांगला माइक चेंडूकडे बघतच नाही, तो समोरच्या गार्डकडे, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या लाइनमनकडे बघतो. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यावर, गार्डचं हेल्मेट वर उठलं की तो पाससाठी मागे सरतोय. हेल्मेट खाली राहून पुढे आलं की धाव. गार्ड आडवा पळाला तर बहुतेक वेळा चेंडूही त्याच बाजूला जातो. गार्डला फारशी बनवाबनवी करता येत नाही, याला नियमाचं कारण आहे: पुढे पास फेकायचा असेल तर एनएफएलमध्ये लाइनमनला एका यार्डाहून जास्त पुढे सरकता येत नाही. कॉलेजात ही सवलत तीन यार्डांची आहे, म्हणून धावायचं की पास द्यायचा हे शेवटच्या क्षणी ठरवणारे डाव तिथल्या लाइनबॅकरना फार छळतात. कबड्डीतला मुरलेला कॉर्नर चढाई करणाऱ्याच्या हातांवर न जाता पायांवर नजर ठेवतो, तीच जातकुळी.

२००८पासून एनएफएलमध्ये बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटात रेडिओ असतो. ओळखायला मागे हिरवा ठिपका. बहुतेक संघांत तो माइककडेच असतो. कोच कानात डाव सांगतो, पण डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. मग समोरची रचना बदलली तर सगळ्यांना ओरडून जागा बदलायला लावणं ही त्याची जबाबदारी. या सगळ्याला बुद्धी लागते, आणि ज्या डोक्याने हे करायचं तेच डोकं दर डावात कशावर तरी आदळत असतं. या जागेची खरी अडचण मला हीच वाटते.

उदाहरण घ्यायचं तर ल्यूक कीकलीचं घेऊ, कारण या जागेचं चांगलं आणि वाईट दोन्ही त्याच्या कारकिर्दीत आहे. जन्म १९९१चा, ओहायोतल्या सिनसिनाटीचा. तिथल्या सेंट झेवियर हायस्कूलमधून खेळला आणि २००७मध्ये त्या संघाने राज्याचं विजेतेपद मिळवलं. तरी मोठमोठी विद्यापीठं त्याच्या दारात रांग लावून उभी नव्हती. तो बॉस्टन कॉलेजला गेला. २००९च्या हंगामाआधी त्या संघाचा नावाजलेला लाइनबॅकर मार्क हर्झलिक याला हाडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं, आणि पहिल्याच वर्षी हा पोरगा मैदानात उतरला. पुढची दोन्ही वर्षं, २०१० आणि २०११, देशभरातल्या कॉलेज खेळाडूंत सर्वाधिक टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं) त्याच्या नावावर होते. सर्वोत्तम कॉलेज लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार त्याने २०११मध्ये घेतला आणि पदवीचं एक वर्ष बाकी असतानाच ड्राफ्टला, म्हणजे एनएफएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, नाव दिलं. (हर्झलिक बरा होऊन २०१०मध्ये परत खेळला आणि पुढे एनएफएललाही पोहोचला, हेही सांगायला हवं.)

२०१२च्या ड्राफ्टमध्ये कॅरोलायना पँथर्स या संघाने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं. उंची सहा फूट तीन इंच, वजन साधारण १०८ किलो, ४० यार्ड ४.५८ सेकंदांत. लाइनबॅकरसाठी उत्तम, पण अचाट म्हणावं असं त्यात काही नाही. सुरुवातीला त्याला कडेला, विलच्या जागी खेळवलं, कारण मधली जागा जॉन बीसनची होती. हंगामाच्या सुरुवातीलाच बीसन दुखापतीने बाहेर गेला, कीकली मधे सरकला आणि पुन्हा हलला नाही. वर्षाअखेर १६४ टॅकलसह तो लीगमध्ये पहिला आणि बचावातला सर्वोत्तम नवोदित. २०१३मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सर्वोत्तम बचाव खेळाडूचा पुरस्कार.

दोन्ही वेळा त्याला जागा मिळाली ती आधीचा माणूस जायबंदी झाल्यामुळे किंवा आजारी पडल्यामुळे. त्यात त्याचा दोष नाही, हा धंदाच तसा आहे. प्रत्येक संघात ५३ जण, शिवाय सराव पथकात बसलेले वेगळे. तुमच्या जागेवर कोण बसणार हे तुम्ही धडधाकट असतानाच ठरलेलं असतं. लाइनबॅकर दुखणी का लपवतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. माझ्याकडे येणारी सोळा वर्षांची पोरंही हेच करतात. त्यांना पगार नसतो, फक्त जागा असते, तरीही.

टॅकलच्या आकड्यांवर फार जाऊ नका, ही माझी एक जुनी तक्रार. एनएफएलमध्ये टॅकल हा अधिकृत आकडाच नाही. मैदानावरचा नोंद करणारा माणूस ठरवतो आणि मैदानागणिक हात सैल किंवा घट्ट असतो. कीकलीचं मोठेपण बघायचं तर २०१५च्या थँक्सगिव्हिंगचा डॅलसविरुद्धचा सामना बघा. टोनी रोमोसारख्या कसलेल्या क्वार्टरबॅकचे लागोपाठ दोन पास त्याने पकडले, पहिला थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेषेपार, नेला. पास कुठे पडणार हे त्याने आधी ओळखलं होतं म्हणून तो तिथे उभा होता. त्या वर्षी संघ १५ सामने जिंकला, एक हरला, आणि फेब्रुवारी २०१६च्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरकडून २४-१० असा पराभूत झाला.

त्याच संघात कीकलीच्या शेजारी थॉमस डेव्हिस खेळायचा. एकाच गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तीनदा फाटला, २००९, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ तीन वर्षं, आणि तरी तो परतला. त्याच्याआधी असं तीनदा कोणी परतल्याचं ऐकिवात नव्हतं. त्या सुपर बोलच्या दोन आठवडे आधी हाताचं हाड मोडलं, प्लेट आणि स्क्रू घातले, आणि तसाच तो अंतिम सामना खेळला. मुलं मला ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. मीही कौतुक करते, पण सोबत एवढं सांगते की गुडघा आणि हात शिवता येतात, जोडता येतात, आणि किती बरे झाले हे मोजताही येतं. डोक्याचं तसं नाही.

कीकलीला सप्टेंबर २०१५मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला. तीन सामने हुकले. नोव्हेंबर २०१६मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध दुसरं. हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल: गाडीवरून बाहेर नेताना तो हमसून रडत होता, श्वास लागत नव्हता. लोकांना वाटलं, वेदनेने किंवा भीतीने रडतोय. तसंही असेल. पण कारण नसताना रडू फुटणं, भावना आवरता न येणं हे कन्कशनचं ओळखीचं लक्षण आहे. मैदानावर पोरगा उगाच रडायला लागला, उगाच चिडला किंवा उगाच हसत सुटला तर मी त्याला आधी बाहेर काढते, मग प्रश्न विचारते. बेशुद्ध पडला नाही म्हणजे कन्कशन नाही, हा समज डोक्यातून काढून टाका. बहुतेक वेळा मूल बेशुद्ध पडत नाही. त्या हंगामात कीकली पुन्हा उतरला नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध तिसऱ्यांदा तपासणीसाठी बाहेर गेला आणि एक सामना चुकला.

त्यानंतर तो दोन हंगाम उत्तम खेळला. १४ जानेवारी २०२० रोजी मात्र, वयाच्या २८व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. सात वेळा प्रो बोल (निवडक खेळाडूंचा सामना), पाच वेळा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात, ११८ सामने. करार पाच वर्षं आणि ६ कोटी २० लाख डॉलरचा होता, त्यातली दोन वर्षं शिल्लक होती. हा खेळ वेगाने आणि जोरकस खेळायचा एवढंच मला येतं, आता ते जमेल याची खात्री नाही, अशा अर्थाचं तो बोलला. आवाज फुटत होता. त्याने कोणावर ठपका ठेवला नाही आणि डोक्याबद्दल लांबलचक सांगितलंही नाही. पुढे काही काळ त्याच संघासाठी खेळाडू पारखण्याचं काम केलं, मग रेडिओवर समालोचन.

त्याच्याही आधी, मार्च २०१५मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस बोरलंडने याहून मोठा धक्का दिला होता. तोही लाइनबॅकर, वय २४, एकच हंगाम खेळलेला आणि तोही चांगला. मेंदूवरचं संशोधन वाचून त्याने खेळ सोडला आणि करारावर सही करताना मिळालेल्या साइनिंग बोनसचा बराच मोठा हिस्सा परत केला. तेव्हा त्याला नाजूक म्हणणारे बरेच होते. मला त्याची पद्धत आवडली: लक्षणं दिसण्याची वाट न बघता आधीच हिशेब मांडला.

आणि ज्युनियर सेआऊ, तोही लाइनबॅकर. सॅन डिएगोजवळच्या ओशनसाइडमध्ये वाढलेला, सामोआन घरातला मुलगा, १९९०च्या ड्राफ्टमध्ये पाचवा. लागोपाठ १२ प्रो बोल, २० हंगाम, २६८ सामने. जानेवारी १९९५मध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात मानेतली नस दबलेली असताना त्याने १६ टॅकल केले, आणि सॅन डिएगोचा संघ पहिल्यांदा सुपर बोलला गेला. एवढ्या वर्षांत त्याच्या नावावर लीगच्या दुखापतींच्या यादीत एकदाही कन्कशनची नोंद झाली नाही. निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांनी, मे २०१२मध्ये, ४३व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई आढळला, म्हणजे वारंवार बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला, हळूहळू वाढणारा ऱ्हास. २०१५मध्ये त्याला मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसतं, त्यामुळे सीटीईने त्याचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. ‘कन्कशनची नोंद शून्य’ या वाक्यावर मात्र मी दर वर्षी पालकसभेत बोलते. धोका फक्त नोंद झालेल्या मोठ्या धक्क्यांतच नसतो. ज्यांनी चक्कर येत नाही, काहीच जाणवत नाही, असे हजारो लहान धक्के साचत जातात, आणि लाइनबॅकरच्या वाट्याला ते जवळजवळ प्रत्येक धाव-डावात येतात. बॉस्टन विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात एनएफएल खेळाडूंच्या १११ मेंदूंपैकी ११०मध्ये सीटीई सापडला. हा आकडा ऐकून घाबरण्याआधी हेही ऐका, की ते मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते आणि ज्यांना आधीच शंका होती अशीच कुटुंबं पुढे येतात. सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यावरून काढता येत नाही. जिवंतपणी खात्रीने निदान करता येईल अशी चाचणी अजून हाती नाही.

आता पैसा. २०२५च्या हंगामात नवख्याचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. हा पूर्ण हंगाम संघात राहिलं तर. पगार आठवड्याच्या हिशेबाने मिळतो, मधेच काढलं की थांबतो. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या करारांपैकी हमीची रक्कम किती तेवढीच बघायची, बाकीचं संघाच्या मर्जीवर. २०११पासून नवख्यांचे पहिले करार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार बांधलेले असतात, म्हणजे खरा पैसा दुसऱ्या करारात, चार वर्षांनंतर. खेळाडू संघटना सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांच्या आत सांगते. गणित तुम्हीच करा. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायलासुद्धा तीन हंगाम भरावे लागतात.

आठवडा साधारण असा जातो: रविवारी सामना, सोमवारी फिल्म आणि कुठे काय दुखतंय त्याची मोजदाद, मंगळवारी सुट्टी, बुधवार ते शुक्रवार सराव, शनिवारी अंग मोकळं करण्यापुरतं. पॅड चढवून जोरदार सराव पूर्ण हंगामात १४ वेळाच करता येतो, ही अट लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११च्या करारातली, आणि माझ्या मते त्या कराराची सगळ्यात शहाणी ओळ. बाकी बर्फाचं पाणी, बोटांना टेप, खांद्याची जुनी कुरबुर, मानेतून हातात वीज गेल्यासारखा स्टिंगर, हे सगळं रोजचंच. कोणी त्याला दुखापत म्हणत नाही.

तुमच्या मुलाकडे येते. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातले सातेक जण कॉलेजच्या संघात जातात, आणि कॉलेजातून ड्राफ्टला पात्र ठरलेल्यांपैकी शंभरात दोनही एनएफएलला पोहोचत नाहीत. हे त्याला सांगून उपयोग नाही, प्रत्येकाला आपण त्या दोनांतले वाटतो. तुम्ही मात्र लक्षात ठेवा, म्हणजे गुण, झोप आणि गुडघा यांच्या बदल्यात काय मिळतंय ते कळेल.

खेळू द्यावं की नाही हे मी ठरवणार नाही. पण शाळेत जाऊन काही गोष्टी विचारा. सरावालासुद्धा ट्रेनर हजर असते का, की फक्त शुक्रवारच्या सामन्याला? आठवड्यात पूर्ण धडकेचा सराव किती मिनिटं? टॅकल शिकवताना डोकं बाजूला आणि खांदा पुढे, असं रोज घोटून घेतात का? हंगामाआधी मेंदूच्या प्रतिसादाची मूळ चाचणी घेतात का, म्हणजे नंतर तुलना करायला काहीतरी हाती राहील? कन्कशनची शंका आली तर त्याच दिवशी परत खेळवायचं नाही आणि वैद्यकीय परवानगीशिवाय नंतरही नाही, असे कायदे आता सगळ्या राज्यांत आहेत. २००९मध्ये वॉशिंग्टन राज्याने सुरुवात केली, तेरा वर्षांच्या एका मुलाला डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात परत उतरवलं गेलं आणि तो कायमचा जायबंदी झाला, त्यानंतर. टेक्सासातही कायदा आहे. कोच ‘बघू, ठीक वाटला तर दुसऱ्या हाफला घेऊ’ म्हणाला तर तिथेच हरकत घ्या.

घरी एक करा. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, वर्गात वाचलेलं लक्षात राहत नाही, असं त्याने सांगितलं की ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य गिळून टाका. ते एकदा ऐकलेला मुलगा पुन्हा सांगत नाही. आपल्या मराठी घरांत खेळ सोडवायला निमित्तच शोधत असतात, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती इतरांपेक्षा जास्त लपवतात. हे माझं निरीक्षण आहे, संशोधन नव्हे.

पट्ट्याबद्दल. मानेत घालायचा तो पट्टा कीकलीही २०१७मध्ये घालायचा, म्हणून त्याचा बोलबाला झाला. मानेतल्या शिरांवर हलका दाब देऊन कवटीत थोडं रक्त जास्त ठेवायचं, म्हणजे मेंदू आत कमी हलेल, अशी त्यामागची कल्पना. २०२१मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने विक्रीला परवानगी दिली, पण हा पट्टा कन्कशन टाळतो असा दावा त्या परवानगीत नाही. अभ्यास मेंदूच्या प्रतिमांमधल्या बदलांचे आहेत, आणि त्यांवर तज्ज्ञांत वाद आहेत. किंमत जवळपास दोनशे डॉलर. मी कोणाला घालू नको म्हणत नाही, पण पट्टा घातलाय म्हणून बिनधास्त डोकं घालणारी मुलं पाहिली आहेत. तुम्ही विचारताय म्हणून सांगते: तेवढेच पैसे असतील तर आधी हेल्मेट डोक्याला नीट बसतंय का ते शाळेच्या साहित्य सांभाळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आणि हे हंगामात पुन्हा पुन्हा करा, कारण केस कापले, घाम आला, आतल्या पिशव्यांतली हवा उतरली की माप बदलतं. हे तपासायला पैसे पडत नाहीत.